वरचं मीठ

सातव्या नळीतला निळा रंग इतका गडद आला की प्रयोगशाळेतल्या माझ्या मदतनीस सुखविंदरनं ती खिडकीकडे धरून हलवली आणि म्हणाली, "मॅडमजी, इस में तो किसी ने नील घोल दी." बाकीच्या अकरा नळ्या फिकट होत्या, धुतलेल्या शर्टाच्या कॉलरला राहते तेवढीच निळाई. मातीत फॉस्फरस जितका जास्त तितका हा रंग गडद येतो. एकतीस वर्षं मी तो बघते आहे, त्यात नवल काही नाही. मी तिला पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तोच रंग आला. मग मी नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी वाचली: पुरानी कब्रगाह, शहतूत के पास, गहराई दो फुट. पिशवी ओली असल्यामुळे शहतूत, म्हणजे तुती, हा शब्द पसरला होता आणि त्याची जांभळी कड माझ्या अंगठ्याला लागली. माझ्या तोंडात पाणी सुटलं. भुकेनं सुटतं ते वेगळं. ओकारीच्या आधी जिभेच्या मुळाशी जे पातळ, खारट पाणी जमतं, ते. ही माती मी परवा स्वतः चाळली होती. सुखविंदर रजेवर होती आणि हातमोजे संपले होते, म्हणून ढेकळं अंगठ्यानं फोडली होती, आणि नंतर त्याच टेबलाशी बसून डबा खाल्ला होता. हात धुतले होते. धुतले होतेच. पण नखांच्या कडांचं कुणी सांगावं.

पहिला विचार मी कोंबड्यांचा केला. मोहालीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, त्या जागेच्या कडेला, आता चिकनवाल्यांच्या टपऱ्या आहेत. पिसं, आतडी, विष्ठा सगळं मागच्या मागे फेकतात, आणि कोंबडीच्या विष्ठेत फॉस्फरस भरपूर असतो. दुसरा विचार कब्रगाहेचा. शहर वसायच्या आधी तिथे एक गाव होतं, त्या गावानं पिढ्यान् पिढ्या आपली माणसं तिथे पुरली, आणि हाडांतला फॉस्फरस कुठे जात नाही, मातीच्या कणाला धरून बसतो. तिसरा विचार मी केला नाही. तो आकडा होऊन आपोआप आला. दिवस भरून जन्मलेल्या मुलाच्या अंगात साधारण अठ्ठावीस ग्रॅम कॅल्शियम असतं आणि सोळा ग्रॅम फॉस्फरस. सोळा ग्रॅमनं एवढा रंग येत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, तरी चाळणीवर उरलेला गाळ ज्या ट्रेमध्ये ठेवतो तो मी कपाटातून काढला आणि चिमट्यानं एकेक तुकडा वेगळा केला. मुळं, बाटलीची काच, गोगलगायीचं कवच, एका पिसाचा देठ, अंड्याच्या टरफलाचे दोन तुकडे. ती टरफलंच होती. आम्लाचा थेंब टाकून बघितलं, जोरात फसफसली; हाड एवढं फसफसत नाही. सुखविंदर माझ्याकडे बघत होती. "क्या ढूँढ रहे हो जी?" मी म्हटलं, कुछ नहीं. आणि ट्रे कचऱ्याच्या पिशवीत उलटा केला. पण मग तो कचऱ्यात टाकल्याचीच किळस आली, आणि पिशवीला गाठ मारून मी ती टेबलाखाली ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

या शहरात मी दोनदा राहिले. पहिल्यांदा आठ वर्षांची असताना, बाबांची केंद्र सरकारच्या कचेरीत बदली झाली म्हणून. सेक्टर बावीसमधलं सरकारी क्वार्टर, वर पंखा, खाली लाल सिमेंटची जमीन. दुसऱ्यांदा नोकरीनं, नऊ वर्षांपूर्वी, तेव्हा बाबा नव्हते आणि आई माझ्याबरोबर आली. सामान लागायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "ती जागा कुठे गं? तुतीची?" मी म्हटलं, तिथे आता हाऊसिंग सोसायटी झालीय. ती बरं म्हणाली आणि पुन्हा विचारलं नाही. सोसायटी झालेली नव्हती. मी दर आठवड्याला त्या रस्त्यानं जात होते, गाडीची काच वर करून. आता माझी नागपूरला बदली झाली होती, महिनाअखेर निघायचं होतं, आई एकोणऐंशी वर्षांची होती आणि पुन्हा कधी या बाजूला येणार नव्हती. आणखी तीन आठवडे काच वर राहिली असती तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.

पण त्याच संध्याकाळी कृष्णकांतराव आले. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेला माणूस, मूळचा साताऱ्याचा, इथल्या मराठी मंडळींत गणपतीच्या आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. गेली दोन वर्षं ते त्या कब्रगाहेचा इतिहास लिहीत होते. तिथे बाग व्हायची होती, सात जुने दगड कुंपणात ठेवायचे होते आणि उरलेल्या जागेवर पार्किंग. दगडांच्या पलीकडेही कबरी होत्या हे त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी माझे आकडे हवे होते. त्यांनी बालूशाही आणली होती. खाताना तिची साखर त्यांच्या मिशीला चिकटत होती आणि बोलता बोलता ते ती जिभेनं काढत होते. मला दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. "लोक म्हणतात चंदीगड म्हणजे कोरा कागद," ते म्हणाले. "कोरा कसला? खोडून लिहिलेला आहे. सोळा कुटुंबांची नावं मिळाली मला महसुली कागदांत. एक कुंभार होता, एक दाई होती. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात एका रात्रीत गाव उठलं. पुढची तीस-चाळीस वर्षं तिथे फक्त शेळ्या." त्यांनी फाइल उघडून चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, "या भूमीतील अखेरचे दफन सत्तेचाळीसपूर्वीचे होय. त्यानंतर येथे कोणी कोणाला पुरले नाही." मग माझ्याकडे बघून, "कसं वाटतं वाक्य?" मी म्हटलं, चांगलं आहे. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली आई म्हणाली, "तिथे तुती आहे का हो?" "आहे ना. मोठी आहे. तुम्हाला कसं ठाऊक, नलिनीताई? बघायची तर रविवारपर्यंत बघून घ्या. सोमवारी जेसीबी येतोय." आईनं कप एकेक करून खाली ठेवले, साखर कुणाला किती ते विचारलं, आणि ते गेल्यावर कपबश्या विसळताना नुसतं म्हणाली, "सोसायटी झाली म्हणालीस." मी फडकं घेऊन कप पुसू लागले. "रविवारी ने मला." मी म्हटलं, "तिथे घाण आहे फार. तुला चालवणार नाही." "चालवेल तेवढं चालेन." "आई, तिथे बघण्यासारखं काही नाहीये." ती म्हणाली, "मी अठ्ठेचाळीस वर्षांत काही बघितलेलंच नाही, तेव्हा मला चालेल."

रात्री जेवताना तिनं नेहमीप्रमाणे पान वाढायला घेतलं. आधी डावीकडे वर मीठ, मग लिंबाची फोड, मग चटणी. माझ्या ताटात ती मिठाची जागा मोकळी ठेवते. लहानपणी मी ताट पुसून मगच जेवायला बसायचे, तेव्हापासून. पाहुणे असले की तिची ठरलेली थट्टा असते. "आमच्या आसावरीला जगातली सगळी माती चालते, घरातलं मीठ तेवढं चालत नाही." लोक हसतात. मीही हसते. भाजीतलं मीठ मी खाते, ते विरघळलेलं असतं, दिसत नाही. पण कोरडं, ढीग केलेलं, बोटांनी सोडलेलं पांढरं मीठ ताटाच्या कडेला दिसलं की माझ्या हातावरचे केस उभे राहतात. उसाच्या रसाच्या गाड्यावर माणूस ओल्या बोटांनी मीठ घेतो तेव्हा मी मान फिरवते. प्रयोगशाळेत सोडियम क्लोराइडची बाटली मी हजारदा हाताळली आहे. तिथे चमचा असतो, लेबल असतं, वजन असतं.

एप्रिलचा रविवार होता. सत्त्याहत्तर साल. माझ्या धाकट्या भावाचं नाव गंधार ठेवून आठवडा झाला होता. बाबांना गाण्याचं वेड, म्हणून मी आसावरी आणि तो गंधार. एकोणीस दिवसांचा होता. दोन दिवस त्यानं दूध ओढलं नाही आणि पहाटे तो गार होता. आईला ताप होता. शेजारच्या पंजाबी आजी, त्यांना सगळे बीजी म्हणत, येऊन तिच्या उशाशी बसल्या. आम्हाला त्या शहरात येऊन तीन महिने झाले होते, चार खांदे कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता कारण एवढ्या लहान मुलाला खांदा लागत नाही, जाळत नाहीत, पुरतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाबा स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत डोकावले, बरणी निम्मी होती, आणि मला म्हणाले, बीजींकडून मीठ आण, जास्त आण. बीजींच्या सुनेनं विचारलं, "इतना नमक? अचार डालना है?" मी हो म्हटलं. तिनं स्टीलचा मोठा डबा भरून दिला. बारीक, दळलेलं, कोरडं मीठ. आमच्याकडे तेव्हा खडेमीठ असायचं. बाबांनी त्याला आईच्या जुन्या पातळात गुंडाळून छातीशी बांधलं आणि स्कूटर काढली. मुलींना नेत नाहीत, पण कुणीतरी बरोबर हवं होतं. मी मागे बसले, मांडीवर डबा, डब्यावर आडवं फावडं. कचेरीतल्या माळ्यानं त्यांना खूण सांगितली होती, पावसाळी ओढ्याच्या, ज्याला इथे चो म्हणतात, त्याच्या बाजूला झाडं आहेत, लहान लहान उंचवटे दिसतील, मुलांना तिथेच ठेवतात. आम्हाला चोच्या अलीकडेच उंचवटे दिसले, एक तुतीचं झाड दिसलं, आणि बाबा थांबले. उन्हातान्हात ते खणत होते तेव्हा मी सावलीत बसून खाली पडलेल्या तुती खाल्ल्या. पाच-सहा खाल्ल्या. गोड होत्या, त्यांना मुंग्या होत्या, आणि बाबा काय करताहेत हे मला कळत होतं. मग त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, तूही हात लाव. मी मूठभर मीठ टाकलं. घामानं ते तळव्याला चिकटलं, झटकलं तरी निघेना, तेव्हा मी फ्रॉकला पुसलं. बाबांनी पायांवर टाकलं, पोटावर टाकलं. चेहऱ्यावर त्यांना टाकवेना. डबा तसाच हातात धरून बराच वेळ ते उभे राहिले, मग झाकण लावून माझ्याकडे दिला आणि हातांनीच माती ओढू लागले.

निघताना शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हातारीनं हटकलं. "ए तां मुसलमानां दी जगह है जी. बच्च्यांवाली अग्गे है, चो दे पार." बाबांनी फावड्याकडे बघितलं. मग स्कूटरला किक मारली. वाटेत एकदाच बोलले, "आईला सांगू नकोस, तू आली होतीस ते. आणि हेही." घरी डबा माझ्या हातात होता. ते म्हणाले, धुऊन बीजींना देऊन ये, आणि अंघोळीला गेले. डब्यात अर्ध्याहून जास्त मीठ होतं. त्यात मातीचे कण होते, लाल, बारीक. मीठ टाकून द्यायचं नसतं. सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं असं आईच सांगायची. मी स्टुलावर चढले, बरणीचं झाकण काढलं आणि सगळं त्यात ओतलं. डबा धुतला, पुसला, देऊन आले. संध्याकाळी बीजींच्या सुनेनं पोळ्या करून आणल्या आणि आईनं, ताप असलेल्या आईनं, उठून आमची पानं घेतली. डावीकडे वर मीठ. मी ते बघितलं आणि डोळे मिटले. त्यानंतर ती बरणी संपेपर्यंत, महिनाभर असेल, कदाचित जास्त, मी ताटाच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. आम्ही ते खात होतो. बाबा खात होते, आई खात होती, मी खात होते. पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा मला कळलं की मीठ म्हणजे मीठ, त्याला काही लागत नाही, त्यात काही जगत नाही. मातीतलंसुद्धा दोन पावसाळ्यांत वाहून जातं. सातव्या नमुन्यात क्षार अगदी सामान्य आले आहेत.

रविवारी आम्ही साडेनऊला पोचलो. टपऱ्यांचे शटर अर्धे वर होते, आत सुरे चालल्याचा आवाज. गाडीतून उतरताच वास आला, पिसं जळल्याचा आणि मुताचा. कॅबवाले त्या भिंतीशी गाड्या उभ्या करतात. भिंतीला भगदाड होतं, तिथून आत जायचं. आईनं एका हातानं काठी धरली, दुसऱ्यानं माझं मनगट. जमिनीवर काळीजांभळी फळं पडून कुजली होती, चपलेखाली फुटत होती, सोलला चिकटून प्रत्येक पावलाला चप् असा आवाज होत होता. त्यात पिसं चिकटलेली, एका ठिकाणी कोंबडीचा पिवळा पाय, बोटं मिटलेली. मी रुमाल नाकाशी धरला. मी मनात मोजत होते, बावीस पावलं, तेवीस. चुन्यानं आखलेली रेघ तुतीच्या अलीकडून गेली होती. तुती पार्किंगमध्ये जाणार होती. नमुन्यासाठी माती काढलेला खड्डा अजून उघडा होता, हातभर रुंद, आणि त्यात कुणीतरी थंड पेयाची बाटली टाकली होती. आई झाडाच्या बुंध्याला हात टेकून उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "सावली आहे की. तुझे बाबा म्हणाले होते सावली आहे म्हणून."

"आई, ही जागा बरोबर नाही," मी म्हटलं. "म्हणजे ही मुलांची जागा नव्हे. बाबा चुकले होते."

"माहीत आहे मला. जायच्या आधी सांगितलं त्यांनी, दवाखान्यात. मुसलमानांच्यात ठेवलं म्हणून फार लागलं होतं त्यांना." तिनं काठीच्या टोकानं एक पीस बाजूला केलं. "मी म्हटलं, त्यात काय. शेजार मिळाला. ते कृष्णकांत म्हणत होते ना, दाई होती एक."

"मीपण आले होते."

"तेही माहीत आहे. जीभ जांभळी होती तुझी." ती माझ्याकडे वळली. "तो रुमाल काढ गं. एवढी कसली किळस करतेस?"

मी काढला नाही. रुमालाआडूनच बोलले, एरवी बोलता आलं नसतं. "उरलेलं मीठ मी बरणीत ओतलं होतं. इथलं. त्याच्यावरून उरलेलं. आपण सगळ्यांनी ते खाल्लं, आई. महिनाभर. तू बाळंतीण होतीस."

टपरीत काहीतरी जोरात आपटलं आणि पुन्हा सुरा सुरू झाला. आई बुंध्याची साल नखानं खरवडत होती. "आपण सगळ्यांनी नाही," ती म्हणाली. "आपलं खडेमीठ होतं. झाकण काढलं तर वर बारीक मीठ, त्यात लाल माती. मला काय कळणार नाही? मी वरचं तेवढं एका वाडग्यात काढून फडताळात ठेवलं. तुम्हाला खालचे खडे कुटून वाढत होते. तू डोळे मिटून जेवायचीस, तुला काय दिसणार."

"मग ते फेकलंस कुठे?"

"फेकलं नाही." तिनं नखातली साल झटकली. "मला आळणी जेवण होतं, बाळंतिणीचं. तुझे बाबा मला वाढून बाहेर गेले की मी वाडग्यातलं घ्यायची. भातावर. ज्येष्ठ लागेपर्यंत पुरलं. इथून परत असं तेवढंच आलं होतं घरी. मला कुणी आणलं नाही इथे, कुणी विचारलंही नाही. मग जे आलं ते मी घेतलं." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "माती लागायची दाताखाली. किरकिर."

मी भगदाडापर्यंत गेले आणि भिंतीशी वाकून ओकले. सकाळचा चहा, टोस्ट. एक कॅबवाला गाडीतून उतरला आणि पाण्याची बाटली पुढे करून म्हणाला, "कुल्ला कर लो जी. यहाँ तो सब का यही हाल होता है." मी चूळ भरली. वळून बघितलं तर आई खाली वाकायचा प्रयत्न करत होती; मला वाटलं माती घेते आहे, आणि मी ओरडणार होते, नको म्हणून. पण तिनं खड्ड्यातली बाटली काठीनं वर ओढली, हातात घेतली आणि ती टाकायला जागा कुठे आहे ते बघत उभी राहिली. कुठेच नव्हती. शेवटी ती बाटली आमच्याबरोबर घरी आली.

दुपारी मी कृष्णकांतरावांना फोन केला. आकडे सांगितले, दगडांपासून तुतीपर्यंत कबरी आहेत हे लिहून देते, सोमवारच्या आत सही करून देते म्हटलं. ते खूश झाले. मग मी म्हटलं, "आणि ते शेवटचं वाक्य बदलावं लागेल. अखेरचं दफन सत्त्याहत्तर सालचं आहे. एप्रिल." पलीकडे फाइलचे कागद उलटल्याचा आवाज आला. "आधार काय, आसावरीताई? नोंद लागेल ना काहीतरी." मी म्हटलं, "गंधार, वय एकोणीस दिवस. लिहा. साक्षीदार दोन, दोघी हयात आहेत."

जेवायला उशीर झाला. आई थकली होती, म्हणून पानं मी घेतली. तिच्या ताटात डावीकडे वर मीठ वाढलं. मग माझं ताट घेतलं आणि बरणीत चमचा न घालता बोटं घातली. एवढी वर्षं मी ज्याची किळस केली ते मी कधी खाल्लंच नव्हतं. पण हे कळल्यानं बोटांना काही फरक पडला नाही. मीठ कोरडं होतं, नखाच्या कडेशी गेलं, हातावरचे केस उभे राहिले. चिमूट साधारण अर्ध्या ग्रॅमची असेल. आई बघत होती. थट्टा केली नाही. मी ते ताटात सोडलं, भात कालवायच्या आधी बोट त्यात टेकवलं, आणि डोळे उघडे ठेवून जिभेवर घेतलं.